पुराणातल्या गोष्टी आणि गणित: घरी करताना या चुका टाळा

‘रामाकडे दहा बाण होते, चार सोडले, किती उरले?’ याला गोष्टीतलं गणित म्हणू नका. ही वहीतलीच वजाबाकी आहे, वरून रामाचं नाव चिकटवलेलं. बाणांऐवजी बोरं घातली तरी काही बिघडत नाही, आणि मुलांना हे लगेच कळतं. पुढच्या वेळी ‘ये, गोष्ट सांगते’ म्हटलं की मूल आधी विचारतं, ‘त्यात गणित आहे का?’ सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक ही, आणि तिनेच मुलं पुराणकथा आणि गणित या दोन्हींपासून तुटतात.

ज्या गोष्टीत आकडा काढल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही, तीच निवडा. समुद्र ओलांडणाऱ्या हनुमानाला गिळायला आडवी येणारी सुरसा, तिची गोष्ट घ्या. वाल्मीकी रामायणात हनुमान दहा योजनं (योजन म्हणजे अंतराचं जुनं माप) मोठा होतो, सुरसा वीस योजनं तोंड पसरते, तो तीस, ती चाळीस. असं करत ती शंभरावर पोचते आणि हनुमान अंगठ्याएवढा होऊन आत शिरून बाहेर पडतो. फरशीवर खडूने रेघ मारा, एक योजन म्हणजे दोन सेंटिमीटर धरा. शंभर योजनं दोन मीटरमध्ये बसतात. मग विचारा, हनुमानाच्या वाट्याला कोणते आकडे आले? दहा, तीस, पन्नास, सत्तर, नव्वद. दुसरीतलं मूल हे स्वतः शोधतं. तुलसीदासांच्या रामचरितमानसात मात्र हनुमान दुप्पट होतो: ती सोळा, तो बत्तीस. ही दुपटीची गोष्ट तिसरीनंतर सांगा. दोन्ही एकाच बैठकीत सांगितल्या की दहाने वाढवायचं की दुप्पट करायचं, याचा गोंधळ आठवडाभर टिकतो.

दुपटीवरून बुद्धिबळाच्या पटाची दंतकथा आलीच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. हा खेळ फसतो तो साधारण दहाव्या-अकराव्या घरात, आणि प्रत्येक वेळी त्याच कारणाने. एका घरात बाबांनी रविवारी सकाळी नेहमीच्या पटाशेजारी तांदळाचा डबा उपडा केला. आठव्या घरापर्यंत, म्हणजे १२८ दाण्यांपर्यंत, मजेत चाललं. नवव्या घरातले २५६ दाणे शेजारच्या घरात सांडायला लागले. दहाव्याला ५१२ मोजताना मुलगा तीनशेच्या पुढे चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला, कोपर लागलं आणि दुसरी ओळ पहिलीत मिसळली. आजी म्हणाल्या, ‘अन्न असं लोळवू नका रे.’ बाबांनी ‘असू दे, शेवटी केवढा मोठा आकडा येतो ते बघ’ म्हणत मोबाईलवर वीस अंकी उत्तर दाखवलं. मुलाने मान डोलावली आणि उठून गेला. दाणे का वाढतात हे त्याला कळलंच नाही, कारण कळायच्या आधी उत्तर पुढ्यात आलं. मोठ्यांची ही घाई मुलाच्या कुठल्याही चुकीपेक्षा जास्त नुकसान करते.

दाणे फक्त पहिल्या आठ घरांचेच मोजा आणि परातीत मोजा. एकूण २५५ होतात. इथे थांबून विचारायचं ते एवढंच: नवव्या घरात किती लागतील? २५६. आतापर्यंतच्या सगळ्या दाण्यांपेक्षा बरोबर एक जास्त. प्रत्येक घरापाशी हे असंच होतं हे मुलाच्या तोंडून आलं पाहिजे, आपल्या नव्हे. पुढचं काम वजनकाट्याचं. एका ग्रॅममध्ये तुमच्या तांदळाचे किती दाणे बसतात ते काढा. पन्नास भरले तर सोळाव्या घरातले ३२,७६८ दाणे साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास आणि एकविसाव्यातले १०,४८,५७६ दाणे वीस किलोंच्या वर जातात. वीस किलोंचं पोतं मुलाने पाहिलेलं असतं. वीस अंकी संख्या पाहिलेली नसते. खेळ संपला की तो तांदूळ धुऊन त्याच दिवशी भाताला लावा.

दुसरी लाडकी चूक महाभारतातल्या अक्षौहिणीची. थेट ‘एक अक्षौहिणी म्हणजे २,१८,७०० चं सैन्य’ असं सांगितलं, की तिसरी-चौथीतलं मूल तो आकडा नुसता वाचतं. सुरुवात पत्तीपासून करा: एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ. त्यांच्या जागी एक बटण, एक चिंचोका, तीन राजमे, पाच हरभरे ठेवा. मिळून दहा. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचं गुल्म, तीन गुल्मांचा गण. वस्तू गुल्मापर्यंतच मांडा, नव्वद होतात, ताटात मावतात. पुढे कागद: वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, दर वेळी तिप्पट. रथांची ओळ १, ३, ९, २७, ८१, २४३, ७२९, २१८७ अशी येते.

आणि इथेच मोठी माणसंसुद्धा घसरतात. अनीकिनीची अक्षौहिणी होताना तिप्पट करायची नसते, दहापट करायची असते. सवयीने तीनने गुणलं की ६,५६१ येतात. खरे रथ २१,८७०. चुकलं तर खोडरबर देऊ नका. पत्ती दहाची, रथ २१,८७०, तर एकूण किती, हे पडताळायला लावा. २,१८,७०० जुळले की मुलाला स्वतःच कळतं. ज्याला वेळ उरला असेल त्याने रथ, घोडे (६५,६१०) आणि पायदळ (१,०९,३५०) या तिन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज करावी. तिन्ही वेळा अठरा. युद्ध अठरा दिवस, सैन्य अठरा अक्षौहिणी, कौरवांची अकरा आणि पांडवांची सात. अंकांची बेरीज नऊच्या पटीत आली की संख्येला नऊने भाग जातो, ही कसोटी शिकवायला यापेक्षा चांगली जागा नाही.

विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती तऱ्हांनी देता येतील, हा प्रश्न भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात (११५०) आहे. मुलं कागदाचे तुकडे मनाला येईल तसे फिरवतात आणि सतरा-अठरावर थांबतात. शंख एका हातात पक्का ठेवा, बाकीचे तीन फिरवा: सहा. मग शंख पुढच्या हातात. चार वेळा सहा, चोवीस. संध्येतल्या केशव-नारायण या चोवीस नावांच्या मूर्ती याच चोवीस मांडण्या आहेत, हे सांगायला विसरू नका.

त्याच ग्रंथातलं अर्जुनाच्या बाणांचं उदाहरण प्राथमिकच्या मुलांना देऊ नका. महाभारत आहे म्हणून सोपं वाटतं, पण त्यात वर्गमूळ आहे. कमळांचं द्या: तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला, उरलेली सहा गुरूंना. १२० चिंचोके हातात देऊन वाटायला सांगा. ४०, २४, २०, ३० आणि सहा उरले की अपूर्णांक हाताला कळतो.

हनुमान चालिसातल्या ‘युग सहस्र योजन’वरून सूर्याचं अंतर काढण्याचा खेळ टाळा. योजनाचं माप ग्रंथागणिक बदलतं. हवं ते माप धरून ठरलेल्या उत्तरावर येणं मुलांना शिकवायचं नाही.

बाकी थोडक्यात. गोष्ट मध्येच तोडून ‘सांग किती?’ विचारू नका, आधी गोष्ट पूर्ण होऊ द्या. बैठक वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे ताणू नका. तीन वर्षांचं भावंड घरात असेल तर बटणं, चिंचोके, राजमे, हरभरे काढूच नका. सगळ्यांसाठी कागदाचे मोठे तुकडे कापा.