बीडीएसला प्रवेश मिळालाय? दुसऱ्या वर्षाआधी कान तपासून घ्या

प्रवेश झाला की सिनिअर्स सांगतात: मान सांभाळ, पाठ ताठ ठेव, चष्म्याचा नंबर बघून घे. मान दुखते, म्हणून तिच्याबद्दल सगळे बोलतात. कानाबद्दल मात्र इंटर्नशिप धरून पाच वर्षांत मला कोणी एक शब्द सांगितला नाही. तुम्हाला तो पहिल्याच महिन्यात कळावा म्हणून हे लिहितेय.

मी कळव्याची. कॉलेज नवी मुंबईत, म्हणजे रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी आणि मेणाचे दात कोरणं, त्यामुळे आवाजाचा संबंधच नव्हता. दुसऱ्या वर्षी प्री-क्लिनिकल, म्हणजे पेशंटआधीचा लॅबमधला सराव, सुरू झालं आणि चित्र बदललं.

बाहेरच्यांना वाटतं, दाताच्या डॉक्टरला त्रास होतो तो एअरोटरचा. मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेणारं, दात कोरायचं ते हँडपीस, त्याची ती बारीक शिट्टी. पण माझ्या अनुभवात खरा गोंगाट प्रॉस्थोच्या, म्हणजे कृत्रिम दात बनवण्याच्या लॅबमध्ये असतो. सबमिशनच्या आठवड्यात आम्ही बॅचच्या बॅच एका ओळीत बसून डेन्चर (कवळ्या) घासायचो. उजव्या हातात मायक्रोमोटर (विजेवर फिरणारं हँडपीस), डाव्या हातात गुलाबी ॲक्रिलिक, आणि त्याचं फिरतं टोक, म्हणजे बर, टेकला की निघणारी ती करकर चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. माझी जागा कोपऱ्यात, मॉडेल ट्रिमरला, म्हणजे प्लास्टरचे साचे घासायच्या मशीनला लागून. कोणी ना कोणी प्लास्टरचा साचा घेऊन यायचं आणि ट्रिमर परत सुरू व्हायचा. एकमेकांशी बोलायला ओरडावं लागायचं. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज कानाला बाधणारा आहे असंच समजा. मीटर नसतानाही ही खूण उपयोगी पडते.

त्या आठवड्यात रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात रातकिडा बसल्यासारखं वाजायचं. सकाळी गेलेलं असायचं, म्हणून मी ते थकव्यावर टाकलं. प्रत्यक्षात आवाजाने थकलेला कान तात्पुरता मंद होतो, आणि तसं पुन:पुन्हा झालं की एके दिवशी पूर्ण भरून येत नाही.

थर्ड इयरला असताना आजीला ताप आला. मी तिच्या काखेत डिजिटल थर्मामीटर लावून शेजारी बसले होते. बराच वेळ झाला तरी वाजेना. धाकटा भाऊ पलीकडच्या खोलीतून म्हणाला, ‘‘ताई, कधीच वाजलं की गं.’’ मी काढून बघितलं तर आकडा स्थिर झालेला. पुढच्याच आठवड्यात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतली.

तपासणी साधी असते. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा सूर ऐकू आला की बटण दाबायचं. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक कान वेगळा तपासतात. आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी, आणि आलेख तितका खाली. माझा आलेख बहुतेक ठिकाणी १० ते १५ डेसिबलवर होता. डाव्या कानाला ४००० हर्ट्झवर तो ३० पर्यंत खाली येऊन ८००० ला परत वर गेला होता. ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, असा खड्डा आवाजाने पडतो, पण तुझा पडला कधी आणि कशाने हे मी सांगू शकत नाही, कारण आधीचा आलेखच नाही. लॅबने पडला की लोकलमधल्या इअरफोनने, की कॉलेजला येण्याआधीच होता? मला हे कधीच कळणार नाही, आणि त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

हे नुकसान कळत का नाही, ते नीट समजून घ्या. आतल्या कानात शंखासारख्या नळीत केसासारख्या पेशी असतात आणि त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाजाने आधी जातात त्या साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या. आपलं बोलणं चालतं ते मुख्यतः त्याखाली. स्वर नीट ऐकू येतात, म्हणून माणसाला वाटतं आपला कान ठणठणीत आहे. कमी होतात ती स, श, त, थ, फ यांच्यासारखी व्यंजनं, तीही गर्दीत. ओपीडीत मास्कआडून पेशंट ‘सात’ म्हणाला की ‘साठ’, हे परत विचारावं लागतं.

कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस आहे, आवाज ८५ डेसिबल असेल तर दिवसाला जास्तीत जास्त ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. चांगलं तेलपाणी केलेलं एअरोटर बहुतेक वेळा ८५ च्या आत राहतं, आणि ते सलग चालतही नाही. त्यामुळे क्लिनिकची धास्ती घेऊ नका. पण कान लॅबचा, क्लिनिकचा आणि प्रवासाचा हिशेब वेगळा ठेवत नाही. ऐरोली ते घणसोली डब्याच्या दारात उभं राहून गाणं ऐकू यावं म्हणून व्हॉल्यूम वाढवलात, तर तेही त्याच खात्यात जमा.

मी आता काय करते? लॅबमध्ये फोमचे प्लग. ते नुसते कोंबू नका, उपयोग होत नाही. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला की समजायचं नीट बसलाय. पेशंटबरोबर फोम नको, त्याचं बोलणं दबतं. तिथे संगीतकार वापरतात ते फिल्टरचे प्लग बरे. कॉलेजच्या मॅडमना पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे लक्ष नाही असा गैरसमज होत नाही.

हँडपीसकडेही लक्ष द्या. रोज ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करण्याआधी तेल, आणि आवाज फाटायला लागला की बेअरिंग गेलंय असं समजून दुरुस्तीला. दात लवकर कापला जावा म्हणून कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त हवेचा दाब लावणारी मुलं प्रत्येक बॅचमध्ये असतात. त्यात बेअरिंगही जातं आणि शिट्टीही वाढते. लॅबमध्ये जागा निवडता येत असेल तर ट्रिमरपासून लांबची घ्या, आणि कोटा, म्हणजे ठरवून दिलेलं काम, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

दुसऱ्या वर्षाआधीची ही तपासणी कुठल्याही कान-नाक-घशाच्या दवाखान्यात, जिथे ऑडिओलॉजिस्ट आहे, तिथे होते. वांद्र्याला अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. एकच पाळा: आधीचे किमान १४ तास मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर थकलेल्या कानाचाच आलेख निघतो. म्हणून सकाळची वेळ घ्या. आणि आदल्या रात्री गावात कोणाची हळद असेल, डीजे लागणार असेल, तर तारीख पुढे घ्या.