जर्मनीला उन्हाळी कोर्सला निघताना: आधी खोलीच्या किल्लीचं बघा

प्रवेशाचं पत्र आलं की त्यातला राहण्याच्या जागेचा भाग शोधा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. खोलीची किल्ली कोण देणार, कुठे देणार, आणि कोणत्या वारी किती वाजेपर्यंत देणार. यातली एक जरी पत्रात सापडली नाही, तर त्याच दिवशी कोर्सच्या कार्यालयाला ईमेल करा. उत्तर आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. हे मी पुढेही पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण मागच्या उन्हाळ्यात माझी बाकी सगळी तयारी चोख होती आणि नेमकं हेच विचारायचं राहिलं.

आपल्याकडे होस्टेलला रात्री-अपरात्री पोचलं तरी गेटवर वॉचमन असतो, रेक्टरना फोन लावता येतो, निदान कुणाच्या तरी खोलीत गादी टाकून झोपता येतं. तिथल्या बहुतेक विद्यार्थी वसतिगृहांत दारावर कुणी बसलेलं नसतं. इमारत सांभाळणारा हाउसमाइस्टर असतो, त्याच्या भेटण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या कामाच्या दिवसांतल्या असतात आणि शुक्रवारी दुपारनंतर तो थेट सोमवारी भेटतो. काही कोर्स येण्याचा एकच दिवस ठरवून देतात आणि त्या दिवशी एका टेबलावर सगळ्यांना किल्ल्या वाटतात. टेबल उठलं की संपलं. मी शनिवारी संध्याकाळी उशिरा पोचले. गावात कसलासा उत्सव होता, हॉटेलं भरलेली होती, जी खोली मिळाली तिच्यात महिन्याच्या जेवणाचे पैसे गेले. सोमवारी सकाळी नऊला किल्ली मिळणार होती आणि नऊलाच जर्मन भाषेची पातळी ठरवणारी परीक्षा होती. दोन रात्री झोप नव्हती, सामान वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवून पेपर लिहिला आणि बी-२ पातळीची तयारी असून खालच्या बी-१च्या वर्गात बसले. वर्ग बदलून मिळेपर्यंत पहिला आठवडा संपला होता. हे सगळं एका ईमेलने टळलं असतं.

आता कागदपत्रं. तीन-चार आठवड्यांच्या कोर्सला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला कमी मुदतीचा व्हिसा, पुरतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधीपर्यंत करावाच लागतो, पण १५ दिवसांवर विसंबू नका. उन्हाळ्यात सगळा देश युरोपला निघालेला असतो आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही. मार्चमध्येच तारीख बघायला लागा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंगेन नियमांत व्हिसाची फी माफ आहे. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं. फीमाफीसाठी आपल्या कॉलेजचं बोनाफाइड आणि तिथलं प्रवेशपत्र दोन्ही बरोबर ठेवा. प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो कोर्सच्या पहिल्या दिवसापासून घेऊ नका, विमानातून उतरण्याच्या दिवसापासून घ्या, आणि परतीच्या बाजूलाही थोडे दिवस जादा ठेवा. राहण्याच्या पुराव्यात प्रत्येक रात्रीचा हिशोब लागतो. खोली सोमवारपासून मिळणार असेल आणि तुम्ही शनिवारी उतरणार असाल, तर त्या दोन रात्रींचं बुकिंग तिथेच दाखवावं लागेल. म्हणजे व्हिसाचा फॉर्म भरण्याआधीही किल्लीची तारीख माहीत हवी.

शिष्यवृत्तीबद्दल एवढंच, की डीएएडी ही विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचं काम बघणारी जर्मन संस्था उन्हाळी कोर्ससाठी शिष्यवृत्ती देते आणि तिचा अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटीच करायचा असतो. फेब्रुवारीत जाग येऊन उपयोग नाही.

कॉलेजमधून क्रेडिट मिळवायचे असतील तर निघण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी ‘बघू, ये परत’ यावर जाऊ नका. ईसीटीएस या युरोपातल्या क्रेडिट-पद्धतीतला एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. आपलं गणित वेगळं असतं, त्यामुळे कोर्सचं वेळापत्रक आणि तासांची संख्या अर्जाला जोडा.

तिकीट काढताना उलट्या दिशेने मोजत या. समजा किल्ली शुक्रवारी चारपर्यंत मिळणार आहे. मग वसतिगृहाच्या दारात तुम्ही एकला असायला हवं, चारला नाही. मुंबईहून रात्री निघणारं फ्रँकफर्टचं विमान सकाळी पोचतं, उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे दिवस हातात आहे असं वाटतं. तो हातात नसतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली, त्यात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांगेत वेळ जातो. मग सामान. मग रेल्वे. फ्रँकफर्ट विमानतळाला दोन स्टेशनं आहेत, एक जवळच्या गाड्यांचं आणि एक लांबच्या. बोर्ड नीट वाचा. मी यंदा जाणार आहे त्या हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावाला तिथून साधारण तासभर लागतो, पुष्कळदा मानहाइमला गाडी बदलावी लागते, आणि जर्मन रेल्वे वक्तशीर आहे ही समजूत घरीच ठेवून या. पहिली गाडी वीस मिनिटं उशिरा आली की पुढची चुकते. स्वस्तातलं तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असतं, म्हणून विमानाच्या दिवशी ते घेऊ नका. चार पैसे जास्त गेले तरी कोणत्याही गाडीला चालणारं घ्या. आणि एवढं सगळं करूनही उशीर झाला तर? तर फोन कुणाला करायचा, तो नंबर कागदावर हवा. किल्ली वेळेबाहेर मिळण्याची काही सोय आहे का, म्हणजे एखादी नंबरची पेटी किंवा शेजारच्या इमारतीतला एखादा विद्यार्थी, हे आधीच विचारून ठेवा. बहुतेक कार्यालयं आधी विचारलं तर आनंदाने सोय करतात. आयत्या वेळी फोन उचलायलाच कुणी नसतं.

त्या फोनसाठी चालू सिम लागतं. जर्मनीत प्रीपेड सिम पासपोर्टची पडताळणी झाल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी इथूनच रोमिंग किंवा ई-सिम घ्या. भारतातला नंबरही चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

सामान. अडॅप्टर, हलका रेनकोट, चालायचे बूट. कपड्यांचं तुम्हाला कळतं. फक्त एक लक्षात ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही पारा पस्तिशीला जातो आणि खोलीत पंखा नसतो, तेव्हा चार स्वेटर भरू नका. गोळ्या नेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट घ्या. इथल्या ब्रँडचं नाव तिथल्या दुकानात कुणाला कळत नाही. खाण्याबद्दल आईशी आधीच बोलून घ्या, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे आंबे आणि कढीपत्ता इथेच राहणार. चकली, भडंग, मेतकूट, कोरडे मसाले, चहा खुशाल न्या. अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी खोलीबरोबर मिळतात का, हे किल्लीच्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

पैसे बहुतेक फॉरेक्स कार्डावर ठेवा, पण थोडे युरो रोख हवेत. किल्ली देताना अनामत रक्कम मागतात आणि बऱ्याच ठिकाणी ती रोखीने घेतात. मिळाली एकदाची किल्ली असं म्हणून निर्धास्तही होऊ नका. तिथल्या दारांना बाहेरून पुष्कळदा फिरणारी मूठच नसते. दार नुसतं ओढलं गेलं तरी बंद होतं आणि तुम्ही टॉवेल गुंडाळून बाहेर. कुलूपवाल्याला रविवारी बोलावलं तर तो घेईल त्या रकमेने डोळे पांढरे होतात. किल्ली हरवणं त्याहून महागात पडतं, कारण एकच किल्ली खोलीला आणि इमारतीच्या मुख्य दाराला चालते आणि मग सगळी कुलपं बदलण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. गळ्यात अडकवायची दोरी इथूनच न्या. हे लहान मुलांना सांगितल्यासारखं वाटलं तरी चालेल. विम्यात नुकसानभरपाईचा भाग असेल तर त्यात किल्ली धरली आहे का, तेही बघा.

पहिले दिवस. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, औषधांचीसुद्धा; मोठ्या स्टेशनांवरची काही आणि पाळीवर असलेलं एखादं औषधांचं दुकान तेवढं उघडं असतं. शनिवारी दूध-पाव-फळं आणून ठेवा. नळाचं पाणी प्या. एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर २५ सेंट अनामत असते, मशीनमध्ये परत टाका. लोकल गाड्या-बसना चालणारं ‘डॉइचलांडटिकेट’ २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं आणि २०२५ मध्ये ५८ झालं, तेव्हा घेताना चालू दर बघा. ते लांबच्या वेगवान गाड्यांना चालत नाही, आणि महिना संपला की आपोआप पुढे चालू राहतं. थांबवायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं.

हायडेलबर्गला जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, ती यादीत असायलाच हवी. किल्ला, जुना पूल, नदीपलीकडचा तत्त्वज्ञांचा रस्ता हे सगळे दाखवतीलच. पण तिथल्या विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२ पासून आहे, आणि खंडोबा, धनगर, महाराष्ट्रातले लोकदेव यांच्यावर आयुष्य घालवणारे ग्युंटर सोन्थायमर तिथेच होते. १९९२ मध्ये ते गेले. जेजुरीच्या वाऱ्या करणारा, धनगरांच्या ओव्या जमवणारा हा माणूस तिथल्या नेकार नदीच्या काठी बसून आपल्याबद्दल लिहीत होता. कोर्सच्या दुपारच्या मोकळ्या वेळात तिथल्या ग्रंथालयाचे नियम विचारून घ्या आणि मराठी पुस्तकांच्या कपाटापाशी एक दुपार घालवा. वर्गात ‘तुमच्या भागाबद्दल सांगा’ असं भाषण करायला लावतात, तेव्हा ताजमहाल आणि क्रिकेट सोडून बोलायला काही हवं असेल तर ते तिथे मिळेल. मी यंदा त्यासाठीच हायडेलबर्ग निवडलं आहे.

वर्गाचं फार सांगत नाही. हजेरी सांभाळा, प्रमाणपत्र तिच्यावर असतं. मराठी-हिंदी बोलणाऱ्यांचा घोळका करून बसू नका, मग इतका खर्च करून गेलात कशाला? खानावळीत शाकाहारी मिळतं.

निघताना किल्ली परत देण्याचीही वेळ ठरलेली असते. विमान रविवारी असेल तर शुक्रवारीच हाउसमाइस्टरला गाठून विचारा. खोलीचे फोटो काढा, अनामत परत घ्या, पावती घ्या. प्रमाणपत्रावर तास, पातळी आणि क्रेडिट तिन्ही छापलेत का ते तिथेच वाचा, कोर्स संपला की कार्यालय सुट्टीवर जातं. नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना, तेही. घरी आल्यावर आठवड्याच्या आत विभागात प्रत द्या आणि पोचवर सही-शिक्का घ्या.