सोमवारची नोटीस काढायच्या आधी

आमच्या कॉलेजात दर सोमवारी सकाळी सगळ्या स्टाफला एक नोटीस जाते, या आठवड्यात काय काय आहे, कुठल्या तारखा जवळ आल्यात, कुठलं ट्रेनिंग आहे, लायब्ररीत काय नवीन वगैरे. सात वर्षांपूर्वी प्राचार्य म्हणाले, मॅडम तुमचं मराठी चांगलंय, तुम्ही बघा हे, आणि तेव्हापासून ते माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. पुढच्या टर्मपासून ते दुसऱ्या एका मॅडमकडे जातंय, त्यांनी विचारलं तयारी काय काय करायची, म्हटलं एकदाच सगळं लिहून काढते, पुण्यात प्रत्येक कॉलेजात असा एक बकरा असतोच, त्यालाही उपयोग होईल.

तर पहिलं म्हणजे हे काम रविवारी रात्री करायचं नसतं. गुरुवारी मधल्या सुट्टीत डायरी घेऊन फिरायला लागायचं, एक्झाम सेक्शन, अकाउंट्स, लायब्ररी, आयक्यूएसी (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष), एनएसएसवाले सर, या क्रमाने. फोनवर विचारलंत तर "काही विशेष नाही मॅडम" हेच ऐकायला मिळणार, पण समोर जाऊन उभं राहिलं की टेबलावरच्या डब्याखालून तीन परिपत्रकं निघतात आणि त्यातल्या एकाची मुदत परवाच संपत असते. शुक्रवारी संध्याकाळी विद्यापीठाच्या वेबसाइटवर स्वतः एकदा नजर टाकायची, कोणी पाठवेल म्हणून थांबायचं नाही.

तारीख लिहिताना वार लिहायचाच, आणि तारीख-वार दोन्ही, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघायचे. मी एकदा "मंगळवार दि. १९" लिहिलं, १९ ला होता बुधवार. निम्मे लोक मंगळवारी आले, निम्मे बुधवारी, आणि ज्या सरांना व्याख्यानाला बोलावलं होतं ते मंगळवारी येऊन चहा पिऊन गेले. "येत्या शुक्रवारी" हा शब्दप्रयोग तर कायमचा बंद करा, सोमवारी वाचणाऱ्याला एक शुक्रवार दिसतो, शनिवारी वाचणाऱ्याला दुसरा.

पुण्याचं कॅलेंडर वेगळं असतं हेही डोक्यात ठेवा. पालख्या येतात त्या दिवशी शिवाजीनगर, फर्ग्युसन रोड, लक्ष्मी रोड हा सगळा पट्टा दुपारनंतर विसरायचा, मग दोन दिवस मुक्काम नाना पेठ-भवानी पेठेत, म्हणजे तिकडून येणाऱ्या स्टाफला तेव्हा दुपारची मीटिंग लावणं म्हणजे मुद्दाम छळणं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीपण सकाळी काही ठेवू नका, मिरवणूक तेव्हाही चालूच असते आणि अर्धा स्टाफ झोपेत. आणि कार्यक्रम बाहेर असेल तर नुसतं "विद्यापीठात" लिहून भागत नाही, ते आवार ४११ एकरांचं आहे हो, कुठलं गेट, कुठला विभाग, कितवा मजला हे लिहा, नाहीतर माणूस मेन बिल्डिंगपाशी उभा राहून तुम्हालाच फोन करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आल्यापासून आमचे बरेच जण गाडी घरीच ठेवतात, त्यामुळे जवळचं स्टेशन लिहिलं तर लोक मनापासून थँक्यू म्हणतात, अगदी खरं सांगते, सात वर्षांत नोटिशीला मिळालेले थँक्यू बहुतेक त्याचेच.

परीक्षेचा मजकूर सगळ्यात जपून. फॉर्म भरायची मुदत, विलंब शुल्काची मुदत, अंतर्गत गुण ऑनलाइन भरायची मुदत, सुपरव्हिजनच्या ड्युट्या, कॅपला (पेपर तपासायच्या केंद्रावर) कोण कधी जाणार, हे एका परिच्छेदात कोंबायचं नाही, प्रत्येकाला वेगळी ओळ, आणि ओळीची सुरुवात ज्याला काम करायचंय त्याच्यापासून. म्हणजे "सर्वांना कळविण्यात येते की" असं सुरू केलं की पुढचं कोणी वाचत नाही, "टीवायच्या विषयशिक्षकांनी" असं सुरू केलं की टीवायवाले, म्हणजे तिसऱ्या वर्षाला शिकवणारे, थांबतात. अंतर्गत गुणांची तारीख मी दोन दिवस आधीची लिहायचे. सुरुवातीला चालून गेलं, मग सगळ्यांना कळलं की मॅडमच्या तारखेत दोन दिवस मिळवायचे असतात, आणि एकदा खरीच तारीख लिहिली होती तेव्हा चांगलीच पंचाईत झाली. आता खरी तारीख लिहायची आणि आदल्या दिवशी परत आठवण करायची, त्यालाच लोक मान देतात.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या लोकांची बिलं महिन्याच्या ठरलेल्या तारखेपर्यंत सह्या होऊन ऑफिसात जावी लागतात. माझ्या दुसऱ्या वर्षी एका महिन्यात ती ओळ माझ्याकडून राहिली, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, गडबडीत मी दोन पानं नॅकवरच लिहिली होती. एका मॅडमचं बिल पुढच्या महिन्यावर गेलं. त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या नुसतं म्हणाल्या, "नोटिशीत नव्हतं ना मॅडम." आम्हा पर्मनंट लोकांचा पगार नोटीस न वाचताही होतो, त्यांचा होत नाही. तेव्हापासून बिलाची तारीख सगळ्यात वर, नॅकच्याही वर, कोणी काही म्हणो.

आणि स्टाफ म्हणजे फक्त शिकवणारे नाहीत. लॅब अटेंडंट, शिपाई मामा, लायब्ररीतल्या ताई, यांच्यातले कित्येक जण फोनवर पीडीएफ उघडत नाहीत, त्यामुळे मजकूर थेट मेसेजमध्येच टाका, आणि एक प्रिंट मस्टरच्या टेबलाशेजारी चिकटवा, तिथे दिवसातून एकदा तरी सगळे येतातच. ऑफिसात जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, तिकडे त्याची नुसती चिन्हं दिसतात, युनिकोडमध्येच टाइप करून घ्या.

रिसोर्सेस म्हणून वीस लिंका देण्यात काही अर्थ नाही, आठवड्याला एकच द्या पण नीट द्या. उदाहरणार्थ वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची जर्नल्सची योजना, ती १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स, पण ती योजना सरकारी संस्थांसाठी, मग आमच्यासारख्या खासगी संस्थेच्या कॉलेजातले लोक ते वाचून लायब्ररीत जाऊन भांडतात. आपल्याकडे एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकांची सोय) आहे, त्याचं लॉगिन ग्रंथपाल काढून देतात, त्यांना नाव, विभाग आणि ईमेल द्यायचा, एवढं लिहिलं की पुरे. केअर लिस्टचं, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नल्सच्या यादीचं, तर प्रत्येक टर्मला कोणीतरी विचारतं, ती यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे "केअर लिस्टेड जर्नल, पेपर आठ दिवसांत" असे मेसेज नोटिशीतून पुढे पाठवायचे नाहीत. रिफ्रेशर आणि फॅकल्टी इंडक्शनच्या (शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांच्या) जाहिराती २०२३ पासून मालवीय मिशनच्या नावाने येतात, जुनं एचआरडीसी नाव शोधत बसू नका. इंडक्शन साधारण महिनाभराचं, रिफ्रेशर दोन आठवड्यांचा, तेव्हा प्राचार्यांचं पत्र आणि बदली तासांची व्यवस्था आधी करा असं लिहायचं, नाहीतर लोक फॉर्म भरतात आणि मग टाइमटेबल कमिटीची डोकेदुखी.

बाकी किरकोळ. जानेवारीत टॅक्सच्या कागदांची ओळ, भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, तो मागायलाच आठ दिवस जातात. ३ जानेवारी (सावित्रीबाई जयंती), २७ फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन), २८ फेब्रुवारी (विज्ञान दिन), १५ ऑक्टोबर (वाचन प्रेरणा दिन), २६ नोव्हेंबर (संविधान दिन), या दिवसांच्या कार्यक्रमांचे फोटो जिओटॅगसकट त्याच दिवशी द्या असं लिहा, नंतर मागितले तर हारतुऱ्याचे मिळतात, तारीख-ठिकाणाचे मिळत नाहीत. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं महिन्यातून एकदा. आणि टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, हा दर आठवड्याला अगदी शेवटी. कोणी वाचतं का हे मला माहीत नव्हतं, मग एकदा जागा पुरेना म्हणून काढला तर ऑफिसातून एकाने हळूच येऊन विचारलं, तो नंबर कुठे गेला.

शनिवारी मजकूर दोघांना वाचायला द्या, एक शिकवणारा, एक ऑफिसातला, दोघांना वेगवेगळ्या चुका दिसतात. सोमवारी सव्वासातला पाठवा, साडेसातचा पहिला तास सुरू व्हायच्या आत. चूक सापडलीच तर डिलीट करू नका, तोपर्यंत स्क्रीनशॉट चार ग्रुपवर गेलेला असतो, वर "दुरुस्ती" लिहून नवीन मेसेज टाका.

माझ्या सातही वर्षांच्या डायऱ्या स्टाफरूमच्या खिडकीकडच्या कपाटात आहेत, किल्ली मामांकडे. तिसऱ्या वर्षाचीवर चहा सांडलाय, जून-जुलै लागत नाही.