नाल्याचं पाणी विषारी आहे का? जिवाणूंना विचारा

वस्तीमागच्या नाल्याला वास आला की मी आधी बाटली उचलते, तक्रार नंतर. बाटली काचेची, झाकणापर्यंत काठोकाठ भरलेली. वर हवा राहिली तर उडून जाणारी द्रावकं तिच्यात निसटतात. बाटलीवर वेळ लिहा. ज्या कारखान्याचा संशय आहे त्याच्या वरच्या बाजूचं, म्हणजे नाला तिथे पोचण्याआधीचं पाणीही घ्या, तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही. नमुने थंड ठेवून लवकर तपासा.

तपासणीला मी अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी हे प्रकाश देणारे समुद्री जिवाणू वापरते. त्यांचा प्रकाश श्वसनाशी जोडलेला असतो. विष लागलं की तो मंदावतो. ते समुद्रातले, म्हणून नमुन्यात २ टक्के मीठ हवंच. तापमान १५ अंश. प्रकाशमापकावर आधी नुसत्या जिवाणूंचा आकडा घ्या, मग नमुना मिसळून ५, १५ आणि ३० मिनिटांनी. शेजारी फक्त मीठपाणी घातलेली नळी ठेवा, कारण प्रकाश आपोआपही थोडा उतरतो. एकदा मी ही नळी ठेवलीच नाही आणि अख्खी सकाळ वाया गेली.

गडद रंगाचं पाणी प्रकाश गिळतं, विष नसतानाही. क्लोरीन असलेलं पाणी जिवाणूंना मारतं. त्यात आधी क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट घाला.

पाणी विषारी आहे एवढंच हे जिवाणू सांगतात, कोणत्या रसायनामुळे ते नाही. त्यासाठी त्याच वेळी भरलेली दुसरी बाटली प्रयोगशाळेत द्या. म्हणून मी नेहमी दोन बाटल्या भरते.