जुनी डुकाटी ९५९ पानिगाले घेताना

"सहा वर्षांत फक्त सात हजार किलोमीटर!" विकणारा आधी मीटर दाखवतो. तुम्ही सर्व्हिसची बिलं मागा. ९५९ सारखी स्पोर्ट्स बाइक, म्हणजे रविवारी लोणावळ्याला जाऊन येणारी आणि एरवी कव्हरखाली उभी असणारी गाडी, कमी चालते खरी, पण तिचं ऑइल, ब्रेक फ्लुइड, बॅटरी जुनी होतच राहतात.

१. बिलं तारखेप्रमाणे लावा. दरवर्षीची सर्व्हिस दिसली पाहिजे. खरा खर्च डेस्मो सर्व्हिसचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह तपासण्याचा. बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होतात, या डुकाटीत तेही काम रॉकर (छोटी तरफ) करतो. म्हणून उघडण्याचा आणि बंद होण्याचा, दोन्ही क्लिअरन्स (भागांमधली फट) तपासावे लागतात आणि मजुरी वाढते. ९५९ ला ही तपासणी २४,००० किलोमीटरवर येते. गाडी २२,००० वर विकायला निघाली असेल तर कारण उघड आहे. सर्व्हिस सेंटरकडून खर्चाचा अंदाज घ्या आणि तेवढी किंमत उतरवा. (डुकाटीचीच आधीची ८४८ बघत असाल तर टायमिंग बेल्ट कधी बदलले तेही विचारा. ९५९ मध्ये बेल्ट नाही, चेन आहे.)

२. "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका," असं फोनवरच सांगा. पोहोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनच खरं बोलतं: सुरू होताना त्रास असेल तर तो तेव्हाच कळतो.

३. गाडी पडली आहे का, हे फेअरिंगवरून ठरवू नका, ते बदलता येतं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ते जिथे अडतं त्या स्टॉपरवर ठोका बसलाय का पाहा. फोर्कचे (पुढच्या शॉकचे) सील, लिव्हरची टोकं, फूटपेग तपासा. या गाडीला नेहमीची पाइपांची फ्रेम नाही. पुढचा अॅल्युमिनियमचा मोनोकॉक (फ्रेमचं काम करणारा एकसंध सांगाडा) थेट इंजिनला बोल्टने जोडलेला असतो. तिथे तडा असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

४. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतकं जुनं रबर या ताकदीला नको. दुसऱ्या कंपनीचा एक्झॉस्ट (सायलेन्सर) लावला असेल तर मूळचाही विकणाऱ्याकडून घ्या. चाव्या दोन्ही हव्यात. इमोबिलायझरमुळे (चावीतली चिप ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) नुसती डुप्लिकेट करून भागत नाही.

५. आरसीवरचे चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवर जुळवा. कर्ज फिटलं असेल तरी फॉर्म ३५ शिवाय आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावरच पूर्ण पैसे द्या. दुसऱ्या राज्याची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, तो किमतीत धरू नका.