शिकत असतानाच कर्जाचं व्याज कसं आटोक्यात आणलं

शैक्षणिक कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होणार, म्हणून पहिलं वर्षभर मी कर्जाकडे पाहिलंच नाही. मग एकदा खातेउतारा उघडला आणि पोटात गोळा आला. हप्ता नव्हता, पण व्याज रोज चढत होतं. माझ्या करारात लिहिलं होतं की अभ्यासक्रम संपल्यावर हे साचलेलं व्याज मुद्दलात मिळवलं जाईल, म्हणजे पुढे व्याजावरही व्याज. १०० घेतले, दर १० टक्के, तर ३ वर्षांत सरळव्याजाने ३० चढतात आणि हप्ते १३० वर बसतात.

मी शिकवण्या घ्यायचे. ठरवलं, महिन्याचं व्याज तरी महिन्यातच भरायचं, आणि जमेल तेव्हा थोडे जास्तही. मुदतीआधी भरल्यास दंड नाही ना, एवढं करारात तपासलं आणि सुरुवात केली.

तीन महिन्यांनी पाहते तर मुद्दल जिथल्या तिथे! माझे जास्तीचे पैसे पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून जमा झाले होते. फार राग आला. फोनवर काही निष्पन्न झालं नाही. लेखी अर्ज दिला तेव्हा दुरुस्ती झाली. त्यात एवढंच लिहिलं: 'ही रक्कम आधी साचलेल्या व्याजात आणि उरलेली मुद्दलात वळती करावी.' आता दर वेळी पैसे भरले की पावती ठेवते आणि उतारा पडताळते.

दोन कर्जं असतील तर जास्त दराचं आधी फेडा. मात्र हातातली सगळी शिल्लक त्यात ओतू नका. परीक्षा शुल्कासाठी मला एकदा मैत्रिणीकडे उसने मागावे लागले होते.