स्तनाच्या कर्करोगात मालिश: हात हलका, आणि तिला विचारूनच

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बाईला घरी मालिश करायची असेल, तर बाळंतिणीचे अंग रगडणारा जोरकस हात आधी विसरावा लागतो. मालिशीने कर्करोग अंगभर पसरतो, ही अनेक घरांतील भीती निराधार आहे. गाठीवर व तिच्या आसपास मात्र दाब देऊ नये. कर्करोगतज्ज्ञांच्या अमेरिकेतील संघटनेने २०१८ साली मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, या रुग्णांची उदासी कमी करण्यासाठी मालिशीचाही समावेश आहे.

सुरुवातीला उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे: प्लेटलेट्स (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) किती आहेत, आजार हाडांत गेला आहे का, कुठे रक्ताची गुठळी झाली आहे का? प्लेटलेट्स कमी असताना साध्या दाबानेही काळेनिळे डाग पडतात, आणि हाड कमकुवत झाले असेल तर ते मोडू शकते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल किंवा केमो सुरू असताना १००.४ फॅरेनहाइट वा त्याहून जास्त ताप आला असेल, तर मालिश न करता ताबडतोब रुग्णालयाशी संपर्क साधावा.

परवानगी मिळाल्यावर पायांपासून आरंभ करणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण तेथे कपडे काढावे लागत नाहीत आणि शस्त्रक्रियेची जागाही दूर राहते. तिला उताणे झोपवावे किंवा टेकून बसवावे आणि शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताखाली उशी द्यावी. केमोत अनेकींना वास सहन होत नाहीत, म्हणून बिनवासाचे तेल कोमट करून घ्यावे. अंगाला तेल नुसते लावताना लागतो तेवढाच दाब ठेवून दहा-पंधरा मिनिटे हात सावकाश फिरवावा. काशाची वाटी तळपायाला घासण्याची आपली जुनी पद्धत चांगली असली, तरी केमोमुळे तळवे बधिर झाले असतील तर ती टाळावी. कातडी सोलवटली तरी तिला ते कळणार नाही.

काखेतील लसिका ग्रंथी (लिम्फ नोड्स) शस्त्रक्रियेत काढल्या असतील, तर त्या बाजूचा हात घरी चोळू नये. तो सुजल्यास त्यासाठी हलक्या हाताने करायचे वेगळे तंत्र असते आणि ते शिकलेल्या फिजिओथेरपिस्टनेच करावे. रेडिएशन सुरू असलेल्या भागावरही हात फिरवू नये, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही लावू नये आणि रेडिएशनसाठी तेथे काढलेल्या खुणा पुसल्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट तिच्या मनाची आहे. स्तन काढल्यानंतर अनेक बायकांना तो भाग कोणी पाहावा असे वाटत नाही, अगदी नवऱ्यानेही नाही. म्हणून प्रत्येक वेळी ‘इथे हात लावू का?’ असे विचारावे आणि तिने नको म्हटले तर कारण विचारू नये.

ज्या दिवशी स्पर्शच नकोसा वाटेल, त्या दिवशी तिने आडवे पडून पायाची बोटे पाच सेकंद आवळून मग वीसएक सेकंद सैल सोडावीत, श्वास बाहेर सोडताना थोडा जास्त वेळ घ्यावा आणि असेच पोटऱ्या, मांड्या, पोट, खांदे, चेहरा असे वर जावे. शस्त्रक्रियेच्या बाजूचा खांदा व हात मात्र न आवळता नुसते सैल सोडावेत. केमोच्या आदल्या रात्रीही हे करता येते. मध्येच झोप लागली, तर तिला उठवू नये.